बोलायच्या डॉक्टरबाहेरचा बाक

ज्या खोलीत आपल्याला आत घेत नाहीत, तिच्या बाहेर बसलं की किस्से साठतातच. आत पोर, मध्ये पडदा, बाहेर आपण. मासिकं जुनी, पंखा बंद. मग बायका बोलायला लागतात.

पेणला लहान मुलांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत एक मॅडम शनिवारी मुलांशी बोलायला बसत. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तोंडात बसला नव्हता. आम्ही ‘बोलायची डॉक्टर’ म्हणायचो. मी रोह्याहून सईला घेऊन यायचे. पाच वर्षांची सई घरात अखंड बडबडायची आणि उंबरठा ओलांडला की गप्प. शाळेत वर्षभर एक शब्द नाही. बाईंनी सांगूनच टाकलं होतं, तोंडी परीक्षेला बोलली नाही तर पहिलीत घालता येणार नाही.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. त्यातलं आठवत होतं ते एवढंच, की घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते. त्याचा काही उपयोग होईना.

*

आमचं घर रोह्याच्या नदीपलीकडं, अष्टमी गावात. तिथं शेजारी मी ‘सईला दाताच्या डॉक्टरकडे नेते’ म्हणून सांगितलेलं. खरं सांगितलं असतं तर ‘पोर वेडी आहे’ ही बातमी संध्याकाळच्या आत पूल ओलांडून रोह्यात पोचली असती. बरेच शनिवार गेले. एक दिवस शेजारच्या काकूंनी सईची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, आत नीट बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “दात होते तसेच हायत गो. डॉक्टर बदल.”

मी म्हटलं, बघते. आणि त्या आठवड्यात मी खरंच तोच विचार करत होते.

*

मॅडम पहिल्या दिवशी प्रत्येक आईला विचारायच्या, तुमचा गोल काय? म्हणजे, इथून जाताना काय व्हायला हवं? आणि मग तोच प्रश्न मुलाला.

बाकावर माझ्याशेजारी वैशाली बसायची. तिचा नवरा धाटावला कंपनीत, कायम रात्रपाळी. दिवसा तो झोपलेला, म्हणून घरात सगळं कुजबुजत चालायचं. मुलगा निलेश शाळेत मात्र असा ओरडायचा की शेजारचा वर्ग थांबायचा. वैशालीनं गोल सांगितला, यानं शाळेत ओरडू नये. निलेशनं त्याचा सांगितला, “मला घरी ओरडायचंय.”

मॅडमनी दोघांना रोह्याच्या कुंडलिका नदीवर जाऊन ओरडायला सांगितलं. गेली बिचारी. दोघांनी मिळून अशी बोंब ठोकली की पलीकडे जाळं टाकून बसलेले दोघंजण कुणीतरी बुडालं म्हणून पाण्यातून धावत आले. वैशालीनं त्यांना सांगितलं, काय नाय, डॉक्टरनं दिलंय. ते आले तसे परत गेले.

मी विचारलं, मग निलेशला बरं वाटलं का? वैशाली पदरानं मान पुसत म्हणाली, “तो दोनदाच ओरडला. मग म्हणाला, मम्मी, आता बास कर ना, घरी जाऊ.”

*

पुष्पा पेणचीच. तिच्या सासरी गणपतीचा कारखाना. मुलगा काही हाती घ्यायचा आणि अर्ध्यात फाडून, मोडून टाकायचा. चित्र, गृहपाठ, सगळं. मॅडमनी त्याला म्हटलं, घरून मातीची तुमच्या घरातली माणसं करून आण. जशी जमतील तशी.

पुढच्या शनिवारी पुष्पा आणि तिचा दीर दोघांनी मिळून एक पाट आत नेला, पडदा आम्हीच धरला. पाटावर मातीचे सासरे मांडी घालून बसलेले, मातीच्या पुष्पाच्या साडीला काठ, मुलाच्या गालाला खळीसुद्धा. आजोबांनी नाकं सारखी केली होती, काकांनी हातपाय, आणि वडलांनी रात्री जागून डोळ्यांची आखणी. कारखान्यातून ओबडधोबड काही बाहेर पाठवायचं म्हणजे घराण्याचं नाव गेलं.

मॅडमनी एकेक माणूस उचलून बघितला. मग हळूच विचारलं, यात त्यानं काय केलं?

पुष्पा प्रामाणिक. म्हणाली, “पाट पुसला.”

*

माझ्यावर हसायला मात्र दुसरं कुणी लागत नव्हतं, मीच पुरायचे. मॅडम म्हणाल्या, मुलांना हुकूम सोडू नका, पर्याय द्या, म्हणजे त्यांना आपलं काही चालतं असं वाटतं. घरी येऊन मी अगदी गोड आवाजात विचारलं, सई, आधी दूध की आधी अंघोळ?

सई म्हणाली, “अजून काय काय आहे?”

हीच मुलगी शाळेत बाईंना बाथरूमला जायचंय एवढंही सांगत नव्हती. मी त्या दिवशी दूध स्वतःच पिऊन टाकलं.

*

परीक्षा जवळ आली तसं माझं धाबं दणाणलं. मॅडमनी सईचा गोल बाजूला ठेवला आणि मला आत बोलावून मलाच एक गोल दिला. सईला कुणी काही विचारलं की तुम्ही तिच्या वतीनं उत्तर देता, म्हणाल्या. आठवडाभर देऊ नका. मी म्हटलं, नाही देणार. त्यांनी सईला विचारलं, पाणी हवं का? मी म्हटलं, “नकोय तिला.”

मॅडमनी मला बाहेरचा बाक दाखवला.

परतीच्या एस.टी.त मी ओठ घट्ट मिटून बसले. कंडक्टर आला, सईकडे वाकून म्हणाला, काय गो बाय, कुठं निघालीस? मी गप्प. सई खिडकीबाहेर बघतेय. त्यानं वाट बघितली आणि मला विचारलं, ताई, कुठलं तिकीट? आता हा प्रश्न तिचा धरायचा की माझा, हे मला कळेना. मी उत्तर दिलं तर नियम मोडतो की काय, या धसक्यानं माझा आवाजच फुटेना. तो तिकिटाच्या पेटीवर पंच आपटायला लागला. मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, मुकी हाय वाटतं. कंडक्टर वैतागून म्हणाला, “अहो बोला की, गाडी भरलीय.”

माझे कान तापले. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

सईनं खिडकीतून मान वळवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कंडक्टरला म्हणाली, “आमची आई बाहेर बोलत नाही. एक फुल, एक हाफ, रोहा.”

त्यानं तिकिटं फाडली. ती घेऊन सईनं त्याला थांबवलं.

“तिला ओरडू नका,” ती म्हणाली. “येईल तिला.”