कुंकू लावलेली स्टेपनी

समस्त स्नेहीजनांपुढे एक गंभीर तक्रार मांडतो. आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये माझ्या उशीच्या जागी आजपासून स्टेपनी विराजमान झाली आहे.

सकाळी चंद्रपूरला टायर बदलायला गेलो. गाडीतला पलंग, पाण्याची टाकी, शेगडी पाहून दुकानदार भाऊंनी जास्त भार पेलणारे चार टायर निवडून दिले. मी ऐटीत म्हणालो, "स्टेपनी नवीच आहे, कधी वापरलीच नाही."

त्यांनी ती पलंगाखालून ओढली. दर दसऱ्याला मी लावलेलं हळदकुंकू तिच्यावर होतं, हवा नव्हती. रबराला भेगा पडल्या होत्या.

"सर, पूजा तं बराबर करून राह्यले, हवा काऊन नाई भरली?"

सोबत आलेली बायको हसली. "भाऊ, यायले वाटलं मंत्रानंच हवा भरते."

मग नव्या चार टायरांच्याच मापाची पाचवी स्टेपनी घेतली. ती जुनीपेक्षा मोठी, पलंगाखाली मावेना, म्हणून उशी हलली. तुम्ही स्टेपनीची हवा शेवटची कधी पाहिलीत?

उद्या आम्ही एटापल्लीच्या पुढे जातोय. तिथे फोन लागत नाही. गेल्या वर्षी हिचं हृदयाचं ऑपरेशन झालं. जंगलात गाडी अडली आणि हिला त्रास झाला तर, याची मला भीती वाटते. तिला हे सांगितलं नव्हतं, आता वाचेलच.