आदी तू पी

मी माणसांवर चटकन विश्वास ठेवत नाही. ठेवलाच, तर त्याची पाठ फिरली की पुन्हा एकदा तपासून बघते. माझ्या सुना यावरून तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मुरबाडच्या धर्मशाळेत म्हाताऱ्या माणसांचं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दुधात पाणी किती आणि कोणाच्या उशाखाली कोणाची तपकिरीची डबी हे जिला कळत नाही, तिचा तिथे आठ दिवसही निभाव लागला नसता.

मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेर, महादेवाचं देऊळ होतं आणि आम्ही त्याचे गुरव. देवळाला लागून कौलारू धर्मशाळा. पूर्वी तिथे वाटसरू उतरायचे. पुढे ज्यांचं कोणी उरलं नाही किंवा ज्यांना घरच्यांनी ठेवून घेतलं नाही, अशी म्हातारी माणसं येऊन राहू लागली. कल्याणच्या एका शेठजींनी त्यांच्या भाताची सोय लावून दिली. माझे यजमान गेल्यावर चूल माझ्याकडे आली आणि देव सासऱ्यांकडेच राहिला.

मामंजींचं सोवळं कडक. सकाळची पूजा झाली की तांब्या-पळी घेऊन ते धर्मशाळेच्या पडवीतून फिरायचे आणि एकेकाच्या तळहातावर तीर्थ घालायचे. म्हातारी माणसं पेजेच्या आधी त्याचीच वाट बघत बसायची. मी मात्र त्या वेळी चुलीपाशी असायची. धुराने डोळे चुरचुरत असताना मला कुठलं तीर्थ आणि कुठलं काय.

लढाईची वर्षं होती, धान्य मोजून मिळायचं. गणपती नुकतेच झाले होते. आमच्यातला एक म्हातारा सणाला शहापूरला लेकीकडे गेला होता, तो परत आला तो जुलाब घेऊनच. दुसरा दिवस उजाडायच्या आत संपला. जावई आला, अग्नी दिला, सासऱ्याची गोधडी देवळाखालच्या ओहोळात, वरच्या अंगाला धुतली आणि निघून गेला. वरच्या गावांतही पटकी सुरू झाल्याचं त्याच दिवशी कळलं.

दवाखान्याचे डॉक्टर सायकलवरून आले. कोट, डोक्यावर टोपी आणि बोलणं तुटक. त्यांनी आमच्या विहिरीत लाल पूड टाकली. पाणी जांभळट झालं. पाणी उकळूनच प्यायचं, ओकारी-जुलाबावर चुना टाकायचा, आजाऱ्याला वेगळं ठेवायचं, असं मला दोनदा बजावलं. सुई काढली तशी निम्मी म्हातारी माणसं पांघरुणात शिरली. सरकार म्हाताऱ्यांना मारून धान्य वाचवतंय अशी कुजबुज होती. खरं सांगते, मलाही त्या माणसाचा भरवसा वाटला नव्हता. पण पाणी उकळण्यात काय जातंय? मी डोळ्यांत तेल घालून पाणी उकळलं. हंड्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

आणि तरी माणसं पडायला लागली. आधी दोन म्हाताऱ्या, मग त्यांच्या शेजारचा आंधळा आजा. लाल पूड पडली आणि त्यानंतरच हे वाढलं, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. मी सगळ्यांवर पाळत ठेवली. दूधवाल्याचं दूध बंद केलं. भांडी घासणारीची नखं बघितली. ती रडली, पण मला तिची दया आली नाही. रात्री ताटावर जेवलेलं माणूस सकाळी हाती लागत नाही, तर त्याला कोणीतरी जबाबदार असणारच, असं माझं म्हणणं होतं.

पडवीचा संशय मात्र एकीवरच गेला. पावसाच्या सुरुवातीला डोंगराकडच्या ठाकरवाडीतून एक म्हातारी आली होती. मुलगा गेलेला, झोपडी पडलेली. पडवीतल्यांनी तिला आत घेतलं नाही, म्हणून ती बाहेर ओट्यावर राहायची. तिचं मडकं वेगळं, तिचा द्रोण वेगळा. मी तिला उकळलेलं पाणी वरून ओतायची. ती कोणाशी बोलायची नाही, फक्त बघायची. तिचं ते बघणं लोकांना खुपायचं.

"हिनंच काय तरी केलंय गो," पडवीतली एक म्हातारी मला म्हणाली. "आमी इकडं मरतंव, आन् हिला बग, काय व्हत नाय. हिला का व्हत नाय?"

दुपारपर्यंत सगळी पडवी तेच बोलत होती. तिला बाहेर काढा, नाहीतर आमी चाललो. मामंजींनीही मान हलवली. "सूनबाई, तिला उद्या सकाळी लावून दे," ते म्हणाले.

लावून दे म्हणजे कुठे? पटकीच्या घरातून आलेल्या माणसाला कुठलंच गाव वेशीच्या आत घेत नव्हतं. टोकावड्याच्या रस्त्यावर पोरांनी धोंडे मारून माणसं परतवल्याचं मी ऐकलं होतं. तिला ओट्यावरून उठवणं म्हणजे मारणंच होतं, आणि ते मी माझ्या हाताने करायचं होतं. त्या दिवशी मला सगळ्यांचा राग आला. सासऱ्यांचा सगळ्यात जास्त.

पण पडवीतल्या त्या म्हातारीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. हिला का होत नाही? मी भाकऱ्या थापताना तेच घोळवत बसले. आणखी कोणाला झालं नाही? मला नाही. आणि कोपऱ्यातल्या त्या खवट म्हाताऱ्याला नाही. तो तर आजाऱ्याला लागूनच झोपायचा. त्याचा एकुलता एक मुलगा गेल्यापासून तो देवाशी भांडलेला होता. मामंजी तांब्या घेऊन आले की भिंतीकडे तोंड करायचा.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याला तीर्थ नको असायचं. मी चुलीपाशी असायची. आणि ठाकरीण? तिला तर मामंजी कधी द्यायचेच नाहीत. ओट्याच्या पायरीपर्यंत जाऊन माघारी फिरायचे.

पण तीर्थ तर आमच्याच विहिरीचं. मीच स्वतःला गप्प केलं. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताना, मामंजी तांब्या घेऊन निघाले, तशी मी लांबून मागे गेले. सासऱ्याच्या मागे चोरासारखं जायची पाळी माझ्यावर आली, याची लाज वाटत होती, पण पाय थांबले नाहीत. ते विहिरीपाशी थांबलेच नाहीत. खाली ओहोळावर उतरले, हात-पाय धुतले, मंत्र पुटपुटत तांब्या बुडवला.

मी समोर जाऊन उभी राहिले. "मामंजी, विहीर सोडून इथलं पाणी का?"

ते दचकले नाहीत. मला काहीच कळत नाही अशा नजरेने बघितलं. "ते लाल पुडीचं पाणी देवाला कसं चालेल? औषध टाकलेलं, बाटलेलं. पूड पडली त्या दिवसापासनं मी इथूनच नेतो. वाहतं पाणी कधी विटाळत नाही."

वरच्या अंगाला कोणाची तरी लुगडी खडकावर वाळत होती. मी बोटाने दाखवली. गोधडी कुठे धुतली होती तेही सांगितलं. तीर्थ न घेणारे आम्ही तिघंच धडधाकट आहोत, हेही सांगितलं. मामंजींचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"मीपण घेतो रोज. मला का नाही झालं?" ते म्हणाले.

"सगळ्यांनाच होत नाही म्हणे. डॉक्टर सांगत होते."

"त्या ठाकरणीसाठी तू देवावर संशय घेतेस?"

"देवावर नाही, ओहोळावर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. उभ्या जन्मात त्यांच्यापुढे चढला नव्हता.

त्यांनी तांब्यातलं सगळं पाणी दगडावर ओतलं. मला त्यांची इतकी कीव आली की तिथून पळून जावंसं वाटलं. पडवीतली सगळी माणसं त्यांच्या मायेची होती. आंधळ्या आजाशी तर ते रोज सोंगट्या खेळायचे.

त्या सकाळी तांब्यात माझ्या हंड्यातलं उकळलेलं, निवलेलं पाणी गेलं. पडवी ठाकरणीला घालवायला टपून बसली होती. मामंजी सरळ ओट्यावर गेले, पायरी चढले आणि सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे पळी धरली. आता हिला काढायचं म्हणजे तीर्थ घेतलेल्या माणसाला काढायचं, हे पडवीला न सांगता कळलं.

ठाकरणीने हात पुढे केला नाही. मूठ मांडीखाली दाबून धरली.

"इतकं दीस दिलं नाय," ती म्हणाली. "आज का देतंस?"

मामंजींनी पळी तशीच धरून ठेवली. तिने एकदा पळीकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"आदी तू पी."

ते प्यायले. ती बघत राहिली. मग तिने हात पुढे केला.

त्यानंतर नवीन माणूस पडलं नाही. आधी पडलेल्यांपैकी एक म्हातारी वाचली, बाकीची गेली. ठाकरीण ओट्यावरच राहिली. पडवीत ये म्हटलं तरी आली नाही. तिचाही आमच्यावर भरवसा नव्हता आणि मी तिला दोष देत नाही. पण रोज सकाळी मामंजी आधी तिच्याकडे जायचे, ती "आदी तू पी" म्हणायची आणि ते प्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. पुढे पुढे ती न म्हणताच ते प्यायचे.

मामंजी गेले ते साध्या म्हातारपणाने. शेवटच्या दिवशी त्यांना उचलून ओट्यावर उन्हाला ठेवलं होतं. मी तांब्या आणला, पळी भरली आणि त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, घशाखाली उतरत नसेल. मग बघितलं तर त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, तिच्याकडे होते.

तिला लगेच कळलं. सरकत जवळ आली, माझ्या हातातून पळी घेतली, आधी स्वतः घोटभर प्यायली आणि उरलेलं, तिचं उष्टं, त्यांच्या ओठांना लावलं. जन्मभर सोवळं सांभाळलेल्या माझ्या सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि ते प्यायले.