दगड बांधलेली पाने

आखातातल्या फुजैराच्या किनाऱ्यावर मच्छीमाराच्या जाळ्यात आलेला तो गठ्ठा अजून डोळ्यांसमोर आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तिथल्या पोलिसांत दुभाषी म्हणून लागलो आणि पुढे तपासात आलो.

मच्छीमाराने खबर दिली, आम्ही पंचनामा केला. मलमलीच्या कापडात तीन गाठी मारून बांधलेली अरबी झेरॉक्स पाने आणि एक दगड. पॅलेस्टिनी चळवळीचे ते गुप्त मासिक होते. आमच्या ठाण्याच्या कॅप्टनसाहेबांना वाटले, जहाजावरून चोरून उतरवताना पडले असेल. मला ते पटेना. माल परत हवा असलेला माणूस त्याला तरंगणारे काहीतरी बांधतो, दगड नाही. शिवाय तशा गाठी मी कोकणात आमच्या खाडीवर पाहिल्या होत्या. कुराणाची जीर्ण पाने आमच्याकडे अशीच पाण्यात सोडतात.

बंदराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दापोलीकडचे एक चाचा कामाला होते. त्यांना चौकशीला आणले.

"चाचा, गाठी तुमच्या हातच्या ना?"

"तुम्ही कुठले?"

"हर्णैचा."

"मग विचारता कशाला, भाई? खराब निघालेली पानं कचऱ्यात टाक, बोलले. कशी टाकू? आत अल्लाचं नाव असलं तर?"

"वाचली नाहीत?"

"अरबी वाचता येतं. अर्थ कुठे कळतो?"

"टाक असं कोण बोललं?"

"ते नका विचारू." व्हिसा रद्द होईल म्हणून सांगितले, तरी चाचांनी नाव दिले नाही.

दुपारी एक पॅलेस्टिनी मास्तर आपणहून ठाण्यात आले. "पानं माझी आहेत. म्हाताऱ्याला सोडा."

जबाबात ते म्हणाले, "तिकडे आमची वर्तमानपत्रं इस्रायली सेन्सॉर तपासतो. संप कधी, कोण तुरुंगात, कोणाचं घर पाडलं, हे याच पानांतून कळतं. एक प्रत कशीबशी इथे येते. आम्ही तिच्या प्रती काढतो, घरोघर फिरवतो. माझ्या मुलांनी आमचं गाव पाहिलेलं नाही. त्याचं नाव त्यांनी यातच वाचलं."

"तुम्हाला देशाबाहेर काढतील," मी म्हणालो.

"काढा. पण कुठे पाठवणार?"

कॅप्टनसाहेबांनी पुन्हा छापणार नाही, एवढेच मास्तरांकडून लिहून घेतले. "खलास. यल्ला, चला, दोघेही घरी जा."

गुप्त कागद म्हणजे कटाचे कागद, असे मी तोवर धरून चाललो होतो. विखुरलेली माणसे अशा पानांवर एकमेकांना धरून राहतात, हे मला त्या दिवशी थोडेफार कळले. आणि त्यातला एक शब्दही न कळणाऱ्या माणसाने ती पाने जपली होती.

मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम माझ्याकडे आला. मी मलमल वाळवली आणि पाने पुन्हा तशीच बांधली. दगड मात्र या वेळी मोठा घेतला.