न फाटणारा पतंग

दुकानात नवीन माल आला की आमचे आबा आधी त्याचा एक तुकडा फाडायचे. मग तो पाण्यात बुडवायचे, गालावर घासायचे आणि आणणाऱ्याला विचारायचे, "ह्यामा काय शे, ते पहिले सांग." आबा म्हणजे माझे सासरे. जळगावात आमचं पतंगांचं लहानसं दुकान. कागद आणि बांबूच्या कामट्या सोडून त्यांनी कधी काही वापरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांत आठवड्यावर आलेली. आबा धुळ्याला लेकीकडे गेलेले असताना एक विक्रेता चंदेरी कापडाचे पतंग घेऊन आला. "ताई, फाटत नाही, भिजत नाही, कागदापेक्षा हलकं. एक घ्या, पाच वर्षं उडवा." किंमत कागदी पतंगाच्या दहापट. मी डझनभर घेतले. एक नमुन्याला ठेवला, अकरा दोन दिवसांत खपले.

आबा परतले, नमुना फाडायला गेले. फाटेना. मला वाटलं, खूश होतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"फाटत नही, मंग तारवर अडकना तर सुटी कसा?"

त्यांनी टॉर्चचे सेल आणि बारीक दिवा काढला, ते वायरीने जोडून तिची दोन मोकळी टोकं त्या चंदेरी कापडाला लावली. दिवा लागला. कापडातून वीज जात होती. विजेच्या तारेवर अडकलेला असा पतंग कुणी ओढायला गेलं, तर थेट झटका.

"बठ्ठा परत लई येऊत," आबा म्हणाले.

विकलेले सगळे पतंग परत आणायला आम्ही घरोघर फिरलो. एकजण कुत्सितपणे म्हणाला, "आबा, कागदाचा धंदा बसेल म्हणून का?" आबांनी त्याच्यापुढे तो दिवा लावून दाखवला. दहा पतंग मिळाले. अकरावा नेणारा घाईत होता. यावलचा, एवढंच मला आठवत होतं. आबा दोन दिवस यावलच्या बाजारात विचारत फिरले. सापडला नाही.

संक्रांतीला ते गच्चीवर बसून विजेच्या खांबांकडे बघत होते. फोन वाजला की माझ्याकडे वळून बघायचे. तिळगूळ हातातच राहिला.

चार दिवसांनी तो यावलचा माणूस पतंग घेऊन स्वतःच आला, तणतणत. "हलकं म्हणे. छपराएवढाही चढला नाही."

"एकदाबी नही?" आबांनी विचारलं.

"एकदाही नाही."

आबा पायरीवर बसले. पतंग मांडीवर घेतला.

गेल्या भाद्रपदात आबा गेले. त्या दिवसांबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.