फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांसमोर येतात ते फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे. प्रेतं नंतर येतात.

मी तेव्हा मालवण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धामापूरजवळच्या वळणावर जुनी मोटार माडावर आदळल्याची खबर सकाळी आली. गाडी साठेक वर्षांपूर्वीची, एका निवृत्त मास्तरांची. तिला ओळखत नाही असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मास्तर आणि त्यांचा तरुण मुलगा, दोघेही बाहेर फेकले गेले होते. मुलगा जागीच गेला. त्याआधी गाडीने देवबागहून मासे विकायला आलेल्या एका बाईला उडवलं होतं. तिची पाटी रस्त्यात पालथी पडली होती. तीही वाचली नाही.

पंचनामा केला, चाकांच्या खुणा मोजल्या आणि दुपारी रुग्णालयात मास्तरांचा जबाब घ्यायला गेलो. बरगड्या मोडलेल्या, नजर छताला. मी विचारलं, ‘‘गाडी मुलगाच चालवत होता ना?’’ त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी लिहून घेतलं. तरुण पोरगं, वळण, मोकळा रस्ता. माझ्या डोक्यात गोष्ट आधीच तयार होती.

मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. तसा अहवाल न्यायालयात गेला आणि फाईल मिटली. गावाने मात्र ती मिटवली नाही. ‘बाईमाणसाक मारून मेलो तो’ अशीच त्या मुलाची ओळख उरली. त्याच्या आईने बाजारात जाणं सोडलं.

मास्तरांनी सुपूर्दनामा लिहून देऊन गाडी ठाण्यातून सोडवली आणि मालवणातल्या एका मेस्त्रीकडे दिली. ‘‘होती तशीच कर’’ एवढंच सांगितलं. मेस्त्री मुसलमान, वयस्कर, हाताचा पक्का. पत्रा ठोकून सरळ करण्यात आणि सुटे भाग शोधण्यात दोन वर्षं गेली. मग एके दिवशी तो ठाण्यात माझ्यापुढे येऊन बसला. आमच्याकडे लोक ठाण्यात आले की शुद्ध मराठी बोलतात आणि खरं सांगायची वेळ आली की मालवणीवर येतात. मी अशा वेळी पेन खाली ठेवत असे.

‘‘साहेब, मी सीट आज खोलली,’’ तो म्हणाला. मग मालवणीवर आला. ‘‘चालकाच्या सीटखाली फणसाचे दोन ठोकळे आसत. मास्तर बुटके, पाय पोचत नाय, म्हणून सीट वर नि फुडे घेवक मीच बसवलेले. झील तेंचो, तो पोरगो, ताडमाड. तेका गाडी चालवची आसली की माझ्याकडे येवन ठोकळे काढून घेय. आज बघतंय तर ठोकळे जाग्यावर. बसयताना बोल्टाक लावलेलो माझो जुनो रंग तसोच, म्हंजे मगे कोणी खोलूक नाय.’’

मी पंचनाम्यात रस्त्याची रुंदी मोजली होती, माडाचा घेर मोजला होता. सीट मोजली नव्हती.

न्यायालयाकडून पुढील तपासाची परवानगी घेतली आणि मास्तरांना गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी नव्यासारखी चमकत होती. सीट ठोकळ्यांसकट परत बसवली होती. मी त्यांना म्हटलं, बसा. ते बसले, पाय बरोबर ब्रेकवर आले. मग मी आमच्या हवालदाराला बसायला सांगितलं. तो त्या मुलाच्याच उंचीचा. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकात अडकले, पाय आत जाईना. मी काही विचारलं नाही. या वेळी शहाणपण सुचलं होतं.

मास्तर टायरांच्या ढिगावर बसले. ‘‘माझोच पाय होतो,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी इचारलात, मी नुसती मान हलवली. गेलो तेका कसली शिक्षा, असा वाटला. मग ती मान माका परत सरळ करूक जमली नाय.’’ एवढे शिकलेले गृहस्थ, लहान पोरासारखे रडत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच.

त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, शिक्षा घेतली. देवबागला मयत बाईच्या मुलाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो जाळं विणत होता, हात थांबले. ‘‘दोन वर्षां आमी मेलेल्याक गाळी घातलंव, सायब,’’ एवढंच बोलला.

शेवटी मास्तरांच्या घरी गेलो. तुमच्या मुलाचं नाव कागदावरून निघालं, असं त्याच्या आईला सांगायचं होतं. वाटलं, बाई रडेल, हात जोडेल. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि उंबऱ्यावर बसली.

‘‘माका म्हायत होता,’’ ती म्हणाली. ‘‘त्या सकाळी मिया दारात उभी होतंय. झील डाव्या बाजूक बसलो, जाताना हात केल्यान.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘एक गेलो, एक उरलो. उरल्याचो घास मोडूचो कसो? दोन वर्षां तेका वाढलंय, तोंडाकडे बघूक नाय.’’ मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘‘पण सायबानु, तुमी तेवा ह्या दारात येवन माका इचारला आसतात, तर मिया खोटा बोलूक शकलंय नसतंय. तुमी येवकच नाय.’’

पुढे नोकरीत नव्या पोरांना मी दोनच गोष्टी शिकवल्या. प्रश्नात उत्तर घालून विचारू नका, आणि मयताच्या घरी जाऊन बसा. ती पोरं हे वहीत लिहून घेत. कुठे शिकलो ते मी सांगत नसे.

तिने दिलेलं पाणी मी त्या दिवशी प्यायलो नाही. पिववलं नाही.