मेलेलं बटन

मधुकरने तार छेडली, मान तिरपी करून ऐकलं आणि पुन्हा तेच म्हणाला, "नाई जी भाऊ. गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजून राहिला."

साकोलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान आहे. त्या दुकानातल्या टेबलावर त्याचा ॲम्प्लिफायर पोट उघडून पडला होता. बाजूला त्याची लाल इलेक्ट्रिक गिटार. मी हातात सोल्डरिंग आयर्न धरून असा उभा होतो, जसा नाटकात तिसऱ्या अंकातला डॉक्टर उभा असतो. फक्त "आता सगळं देवाच्या हाती" हे वाक्य बोलायचं बाकी होतं.

गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मधुकर मेश्राम चिखल्याकडचा. एका खाजगी कंत्राटदाराकडे खडकात भोकं पाडायच्या ड्रिल मशीनवर कामाला. आठवडाभर दगड, आणि सुट्टीच्या दिवशी गिटार. त्याच्या वस्तीतल्या पोरांची गाण्याची पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला ते वाजवत. तुमसरच्या मेकॅनिकांनी हात टेकले म्हणून तो माझ्याकडे आला होता. शिवाय त्याची बायको वत्सला हिचं माहेर साकोलीजवळच्या खेड्यातलं, त्यामुळे सासुरवाडी आणि दुरुस्ती दोन्ही एकाच बसमध्ये उरकत होतं.

काम तातडीचं होतं. नागपूरच्या एका मोठ्या गायन पार्टीचे मालक, रामटेके नावाचे, जयंतीच्या कार्यक्रमाला वस्तीत येऊन त्याचं वाजवणं ऐकणार होते. त्यांना गिटारवाला हवा होता. पसंत पडला तर मधुकर नागपूरला जाणार, ड्रिल कायमचं सुटणार.

"त्याईले क्लीन आवाज पायजे, भाऊ," मधुकर म्हणाला होता. "साफ. चकचकीत."

आता हा साफ आवाज म्हणजे काय, ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला साध्या गिटारसारखं पोकळ पोट नसतं. तारेखाली लोहचुंबक आणि त्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की त्यात अगदी अशक्त करंट तयार होतो. तो ॲम्प्लिफायर मोठा करतो. वाटेत त्याची ताकद फार वाढवली तर आवाज फाटतो, आणि वाटेत कुठे गळती झाली तर आवाजातली चमक जाते. गळतीत पहिले मरतात ते बारीक, वरचे आवाज. जाड आवाज गळत नाहीत, ते पाहुण्यासारखे बसून राहतात. पितळेच्या ताटात कोरडे तांदूळ सांडावेत तसा सूर पाहिजे. गळती झाली की तेच तांदूळ पोत्यावर सांडल्यासारखे वाटतात.

मी गळती शोधायला लागलो.

आधी तारा. दगडाच्या भुकटीने आणि घामाने त्या काळ्या पडल्या होत्या. नव्या तारा साकोलीत कुठून मिळणार? मी त्या काढल्या आणि भगुल्यात धुण्याचा सोडा टाकून उकळल्या. बायकोने विचारलं, "काय शिजवून राहिले?" म्हटलं, "शेवया." ती आठवडाभर त्या भगुल्याला शिवली नाही. पण तारा लखलखल्या.

मग वायर. या माणसाने गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत इतकी लांब वायर लावली होती, की तिच्यावर अख्ख्या वस्तीचे कपडे वाळले असते. गिटारचा अशक्त करंट एवढा रस्ता चालताना वरचे सूर वाटेतच सांडतो. मी वायर कापली.

मग ॲम्प्लिफायरचं तोंड. तो मुळात माइकसाठी बनवलेला. माइकचं तोंड गिटारला मानवत नाही, ते पिकअपचा जीव शोषून घेतं. मी मध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर बसवला. त्याचं काम देवडीवरच्या माणसासारखं. पाहुण्याला अंगणात ताटकळत ठेवायचं नाही, आत सोडायचं. पहिल्या टप्प्यावर जोर कमी केला, म्हणजे आवाज फाटणार नाही. शेवटी ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटन उजवीकडे फिरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकर आणि वत्सला आले. त्याने तार छेडली. माझे दात आंबले. इतका तीक्ष्ण सूर, की शेजारच्या पानठेल्यावरून बबन ओरडला, "का बे, पत्रा कापून राहिला का?"

आणि मधुकर म्हणाला, गोधडी.

"मधुकर, तू मस्करी करून राहिला का?"

"नाई जी भाऊ, कायले करू? खरंच दबला हाये आवाज."

आता माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. धंदा अजून चालू आहे, तरी सांगतो. माझ्या टेबलावर एका पत्र्याच्या डब्याला एक मोठं काळं बटन होतं. दिसायला रुबाबदार, वर आकडेसुद्धा काढलेले. आत काही नाही. एकही वायर जोडलेली नाही. सेट बरा झाला तरी ज्यांचं समाधान होत नाही अशा गिऱ्हाइकांसाठी ते होतं. मी कपाळाला आठ्या घालून ते केसभर फिरवायचो आणि विचारायचो, "आता?" गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणायचं, "हां! आता आला बरोबर." शिक्षक फसले, पोलीस फसले, एक भजनी महाराज तर दोनदा येऊन ते फिरवून घेऊन गेले.

मी मधुकरसमोर ते मेलेलं बटन फिरवलं. "आता?"

"काईच फरक नाई."

आणखी फिरवलं. श्वास रोखल्याचा अभिनय केला. "आता?"

"नाई जी."

मी चपापलो. इतक्या वर्षांत त्या बटनाला न फसलेला हा पहिला माणूस. म्हणजे हा उगाच कुरकुर करत नव्हता. खरोखर ऐकून सांगत होता.

मग मी सिग्नल जनरेटर काढला. हे यंत्र नुसती शिट्टी वाजवतं. चकती फिरवली की शिट्टी जाड आवाजापासून बारीक होत जाते. ती ॲम्प्लिफायरमध्ये सोडायची आणि कुठल्या टप्प्यावर आवाज बसतो ते पाहायचं. तिथे फॉल्ट. मधुकरला हा खेळ फार आवडला. तो स्पीकरजवळ उकिडवा बसला. वत्सला माझ्या दुकानातल्या एकुलत्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन.

मी चकती फिरवत गेलो. हंबरल्यासारखा आवाज, मग बासरीसारखा, मग शिट्टी. मधुकर बोटाने "चालू द्या" अशी खूण करत होता. शिट्टी आणखी बारीक झाली. बबनने ठेल्यावरून एक शिवी घातली. दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं.

तेवढ्यात मधुकरने टाळी वाजवली. चेहरा असा फुलला, जसा लॉटरी लागलेल्याचा.

"सापडला! भाऊ, सापडला! इथंच मरते हा ॲम्प्लिफायर! पाहा, एकदम बंद!"

आणि ही आनंदाची बातमी द्यायला तो बायकोकडे वळला.

वत्सलाने दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले होते. डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले. पिशवी खाली पडली होती.

"बंद करा ना जी भाऊ," ती म्हणाली. "कान फाटून राहिले."

मी यंत्र बंद केलं.

मधुकर तसाच उकिडवा बसून होता. त्याने बायकोच्या हातांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. मला म्हणाला, "चालू होता?"

"हाव," मी म्हणालो.

"ड्रिलवरून घरी आलो का कानात शिट्टी वाजते, भाऊ. मले वाटे, सगळ्याइलेच वाजत असंन."

"मी सांगून राहिली ना कधीपासून," वत्सला हळू म्हणाली, "कुकरची शिट्टी होते, हे बाजूलेच बसून असते अन् भात जळून जाते. मले वाटे, याइचं ध्यान नाई."

भंडाऱ्याला डॉक्टरला दाखवून झालं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, मोठ्या आवाजाने कानातली नस मरते, आणि आधी बारीक आवाजाचीच मरते. मेलेलं परत येत नाही. मी ॲम्प्लिफायरमध्ये जी गळती शोधत होतो, ती ड्रिलने कधीच करून ठेवली होती. या माणसाला खालचे सूर नीट ऐकू येत, त्यामुळे गिटार तो अचूक जुळवायचा, बोटं कुठे चुकत नव्हती. फक्त वरची चमक त्याच्यासाठी संपली होती.

जयंतीच्या आधी तो परत दुकानात आला. एकटा.

"भाऊ, तुमच्या कानानं लावून द्या आवाज. लोकाइले साफ लागला म्हणजे झालं."

मी गिटार वाजवायला लावली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन ऐकलं, परत आलो, ट्रेबल कमी केला, पुन्हा गेलो. बबनने मान डोलावली तेव्हा थांबलो.

"आता या बटनाले हात लावायचा नाई," मी म्हटलं.

"हात जाईन, भाऊ. आपला आवाज दबल्यासारखा वाटला का हात आपोआप जाते." त्याने माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. "मारून टाका ना त्याले. तुमच्या त्या डब्यावरच्यावानी."

म्हणजे त्याला माझं गुपितही कळलं होतं! मी आत ट्रेबल कायमचा बांधून टाकला आणि बटन नुसतं शोभेला ठेवलं.

जयंतीला माझाच लाउडस्पीकर होता, त्यामुळे मी मांडवाच्या कडेला हजर. दिवस मावळताना पार्टी बसली. पुढच्या रांगेत रामटेके, पांढरा सफारी, मांडीवर टोपी. शेजारी वत्सला आणि वस्तीतल्या बाया. मधुकरने सुरुवात केली, आणि काय सांगू, त्या सुराने मांडवातली कुजबुज थांबली. एकेक सूर सुटा, स्वच्छ, ताटात सांडणाऱ्या तांदळासारखा. रामटेके पुढे सरकून बसले.

दुसऱ्या गाण्यात मी पाहिलं, मधुकरचा उजवा हात सुटला आणि ट्रेबलच्या बटनावर गेला. त्याने ते शेवटपर्यंत फिरवलं. काहीच झालं नाही. तो क्षणभर तसाच थांबला. मग आठवलं असावं. हात परत तारांवर आला. त्यानंतर त्याने मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. त्याच्या बायकोकडे सगळा मांडव वळून वळून पाहत होता, इतकी ती रडत होती. लोकांना वाटलं, कौतुकाने.

चहाच्या वेळी रामटेके स्वतः उठून आले. "हात छान आहे तुमचा. पण मला तो टोन आवडला. माझ्या पार्टीत तीन गिटारवाले होऊन गेले, एकालाही असा बसवता आला नाही. कसा काय बसवला?"

मी घाईघाईने तोंड उघडलं. ऐनवेळी खोटं बोलायची माझी तयारी नेहमीच असते. पण मधुकर आधी बोलला.

"हा आवाज या भाऊच्या कानाचा हाये जी. मले हा ऐकू येत नाई."

आणि सगळं सांगून टाकलं. ड्रिल, शिट्टी, बटन.

रामटेके वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा पूर्ण संपवला, कप खाली ठेवला. म्हणाले, "आमचं रोज नवं गाव, नवा मांडव. टोन रोज नव्याने बसवावा लागतो. तुम्ही नागपूरला याल, पण तुमचे कान साकोलीत राहतील, मेश्राम." पाठीवर हात ठेवला आणि गाडीत बसून गेले.

मी मधुकरवर खेकसलो, "काहून बोलला बे? मी सांभाळून घेत होतो ना!"

तो वायर गुंडाळत होता. "तुमचा तो बटन मले फसवू नाई शकला, भाऊ. मंग मी बटन होऊन त्या माणसाले कायले फसवू?"

सुट्टी संपली आणि तो पुन्हा ड्रिलवर गेला. दुसरं काम नव्हतं. मी त्याला एक जुना, जाड गादीचा हेडफोन दिला, वायर कापून. उरलेले सूर तरी वाचावेत म्हणून. साइटवरचे लोक विचारायचे, "का रे, गाणं ऐकून राहिला का?" तो "हाव" म्हणायचा आणि ड्रिल सुरू करायचा. पुढे बरीच वर्षं तो जयंतीला वाजवत राहिला, त्याच ॲम्प्लिफायरवर. कार्यक्रम झाला की वत्सलाकडे पाहायचा. तिने मान हलवली की गिटार खोळीत घालायचा.

टेबलावरचं ते काळं बटन मी काढून टाकलं. त्या जागी आता चाव्यांचा जुडगा असतो. कोणी आवाज दबला म्हणून सेट घेऊन आलं, की त्याची पाठ वळल्यावर मी जुडगा हळूच, बारीक किणकिणेल असा वाजवतो. त्याने वळून पाहिलं तर सेट उघडतो. नाही वळला, तर आधी त्याला बसायला खुर्ची देतो.