बाबांची बस सुटली त्या दिवशी

आई गेली आणि मी देवाशी बोलणं सोडलं. भांडण असं नव्हतं. ऐकणारं कुणी नाही, एवढंच मनात पक्कं झालं होतं. दोन वर्षांनी, २००५ च्या मे महिन्यात, मी बाबांना सहा महिन्यांसाठी मिरजेहून व्हर्जिनियात, हर्नडनला माझ्याकडे आणलं. बाबा सूतगिरणीत फिटर होते आणि दत्तभक्त. माझी झोप मोडू नये म्हणून पहाटे कपड्यांच्या मोठ्या कपाटात बसून हळू आवाजात जप करायचे. मला ते ऐकू यायचं आणि मी कूस बदलायचे.

त्यांना अमेरिका बघायची होती, आणि मला वेळ नव्हता. ग्रीन कार्डाचं काम कंपनीच्या हातात, मॅनेजर नवा, शनिवारीही ऑफिस. मग मी तोडगा काढला. आमच्या भागातून छोट्या टूर निघायच्या, सकाळी बस आणि संध्याकाळी परत. एका शनिवारी वॉशिंग्टनची स्मारकं, एका शनिवारी लुरेच्या गुहा, एकदा दोन दिवसांचा नायगारा. मी बुकिंग करायचे, डबा भरून द्यायचे आणि त्यांना बसमध्ये बसवून ऑफिस गाठायचे. त्यांचं इंग्रजी जेमतेम चार शब्दांचं.

"एकदा तरी तू चल की गं," ते म्हणायचे.

"पुढच्या वेळी नक्की, बाबा. एवढा सॉफ्टवेअरचा रिलीज होऊ दे."

ऑगस्टमध्ये मी त्यांना पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या टूरवर पाठवलं. तिथे आमिश लोक राहतात, वीज आणि मोटार न वापरणारे, घोडागाडीतून फिरणारे शेतकरी. त्या दुपारी मीटिंगमध्ये माझा फोन तीनदा थरथरला. नंबर अनोळखी होता. मी फोन पालथा ठेवला. चार वाजता निरोप ऐकले. एक बाई सावकाश बोलत होती. एक वृद्ध गृहस्थ आमच्या शेतावर आहेत, हा नंबर त्यांनीच दिला, त्यांची काळजी करू नका. शेवटच्या निरोपात तिने पत्ता सांगितला होता.

रस्त्याचा प्रिंट घेऊन मी निघाले. अडीच तासांची वाट. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं म्हणतेय, "दत्त महाराज, माझ्या बाबांना सांभाळा." कधीपासून म्हणत होते, कोण जाणे.

पोचले तेव्हा बाबा व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होते. शेजारी साधा निळा झगा आणि पांढरी टोपी घातलेली एक बाई, तीही शेंगा सोलत होती. दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं.

झालं होतं ते असं. बस एका शेतावरच्या दुकानापाशी थांबली. मागे पवनचक्कीवर चालणारा पाण्याचा पंप होता. बाबा तो बघत राहिले, माणसं मोजण्यात चूक झाली आणि बस निघून गेली. डबा आणि मधुमेहाच्या गोळ्या बसमध्ये. बस गेली त्या दिशेनं ते उन्हात चालत सुटले. दीड-दोन मैलांवर हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुणाच्या तरी पत्रपेटीखाली बसले. तेवढ्यात या बाईची घोडागाडी आली. तिनं त्यांना घरी आणलं, पाव आणि सफरचंदाचा मुरंबा दिला. बाबांनी खाण्याआधी डोळे मिटून हात जोडले, तेव्हा तीही मान खाली घालून थांबली. आमिश लोक घरात फोन ठेवत नाहीत, म्हणून मग शेताच्या टोकाला, फोनच्या लाकडी खोपटाशी त्यांना नेलं. माझा नंबर बाबांना पाठ होता. त्यांनी एकेक आकडा बोटांवर दाखवला. शून्याला मूठ मिटली.

"बाबा, घाबरला होतात ना?"

"घाबरलो होतो की. बस दिसेनाशी झाली तेव्हा तर फारच. मग म्हटलं, चालायचं काम आपलं. कुठं टेकवायचं ते महाराज बघतील." मग पुढची शेंग सोलत म्हणाले, "तुझा फोन लागेना, तेव्हा या ताईंना सांगितलं, डॉटर, वर्क, वर्क."

मला रडू आवरेना. रडतच मी त्या बाईचे आभार मानले. ती म्हणाली, "माझा रोजचा रस्ता दुसराच आहे. आज घोड्याचा नाल निघाला, म्हणून लोहाराकडून या रस्त्यानं आले. मला आणलं गेलं. माझे कसले आभार?"

यानंतर मी बदलले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी फक्त घाबरून टूर बंद केल्या. शनिवारी बाबा घरी बसू लागले आणि मी ऑफिसला जातच राहिले. नोव्हेंबरमध्ये ते परतले. फेब्रुवारीत सकाळी पूजा करतानाच गेले.

मी दहाव्याला पोचले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशीबवान हो तुझे बाबा. सगळ्यांना सांगायचे, लेकीनं बोट धरून अख्खी अमेरिका दाखवली."

दुसऱ्या दिवशी नरसोबाच्या वाडीला जाऊन घाटावर बसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हात जोडले आणि काहीच मागितलं नाही. मी नव्हते तिथे बाबांजवळ कुणीतरी होतं, एवढ्यासाठी रोज डोकं टेकवते. आपल्या हातून निसटलेलं माणूसही कुणाच्या तरी हातात असतं, हे मला आता मान्य आहे. पण त्यांच्याशेजारची बसमधली जागा महाराजांनी माझ्यासाठी ठेवली होती, आणि तिथे मी एकदाही बसले नाही.